कंटिन्युइटीची वही

पोर्तोच्या धक्क्यावर, दोरू नदीच्या कडेला,
तेवीस रात्री आम्ही एका माणसाला मारत होतो.
मी मारत नव्हते. मी लिहून घेत होते:
सिगारेट किती उरली, ग्लासात दारू कुठवर,
गळ्याचं दुसरं बटण लागलेलं की उघडं,
प्रेत पडलं तेव्हा डावा हात पोटाखाली की पाण्याकडे.

दिग्दर्शक तेओदोझिउ मला 'वही' म्हणायचा.
"वहीला विचारा," ओरडायचा क्रेनवरून,
आणि वही सांगायची: हॅट डाव्या हातात.

खुनी होता अबिलिउ.
रक्त पाहिलं की त्याला घेरी यायची,
म्हणून दिओलिंदा आधी बोट बुडवून चाखायला लावायची.
सिनेमा काळा-पांढरा, रक्त चॉकलेटचं,
तिच्या बहिणीच्या बेकरीतून रोज पातेलंभर.
तरी सुरी हातात आली की याचे ओठ पांढरे.
"मला एखादा पाद्री द्या," म्हणायचा, "नाहीतर पोस्टमन."
इन्स्पेक्टर लिओनेल त्याच्याहून वीतभर बुटका,
दारूच्या खोक्यावर उभा राहून कायदा सांगायचा.
दिवे झेफेरिनोचे. रोज रात्री
गोदामाच्या छपरावर चढून
तो चोराच्या मनात चांदणं पाडायचा,
आणि वायरचा झटका बसला
की एकेका संताला नाव घेऊन शिव्या.
हाडं मोडायचा आन्सेल्मु, नंतर, बंद खोलीत,
माइकपाशी सुक्या कॉड माशाचे काटे पिळून.
त्याच्या घरी शुक्रवारी पुरावा शिजायचा.

आणि प्रेत.
प्रेताचं नाव कुस्तोदिउ. साठीचा,
गोदीतून कमी केलेला, रोजावर आलेला.
बोलायचं नाही, हलायचं नाही,
थंडीचे वेगळे पैसे नाहीत.
श्वास असा धरायचा
की दिओलिंदा दोनदा ब्लँकेट घेऊन धावली होती.
एकदा धक्क्यावरचं कुत्रं आलं,
शेपटी हलवत त्याच्या मानेवरचं रक्त चाटू लागलं.
सगळं युनिट हसून लोळलं.
प्रेत हललं नाही.
'कट' झाल्यावर त्यानं कुत्र्याला विचारलं, "गोड होतं का रे?"

मंगळवारच्या शॉटमध्ये हात पाण्याकडे पसरलेला,
करंगळीशेजारी अंगठी.
गुरुवारी तोच हात, जवळून.
मी गुडघ्यांवर बसून एकेक बोट जुळवत गेले
आणि थांबले.
अंगठीच्या जागी एक फिकट वळं,
चाळीस वर्षं ऊन न लागलेलं.
मी त्याच्याकडे पाहिलं. प्रेतानं डोळे उघडले.
"काल," म्हणाला. एवढंच.
चढावरचा सावकार बुधवारी उशिरापर्यंत बसतो.
खालचा औषधवाला उधार ठेवत नाही.
दोन्ही दुकानं मलाही माहीत होती.

प्रॉपच्या पेटीत पितळेच्या डझनभर होत्या.
एक हाक पुरली असती.
त्या वळ्यावर पितळ चढवायला माझा हात धजला नाही.

"वही, सगळं तसंच आहे ना?" वरून आवाज.
झेफेरिनोचा चंद्र गरम होऊन गुणगुणत होता.
"तसंच आहे," मी म्हणाले,
आणि लिहिलं: हात पाण्याकडे. बोटं अर्धी मिटलेली.

सिनेमा हिवाळ्यात लागला.
शेवटी नावं वर सरकली, शिंप्याचं, ड्रायव्हरचं,
बेकरीचेसुद्धा आभार.
कुस्तोदिउ 'आणि इतर' मध्ये.
तिकिटं पाठवली होती मी, दोन.
दोन्ही खुर्च्या रिकाम्या राहिल्या.

मग वर्तमानपत्रात एका जाणकारानं लिहिलं
की मृताच्या बोटातली अंगठी नाहीशी होते
आणि खुन्याची हाव एका शब्दावाचून कळते,
हा दिग्दर्शकाचा फार सूक्ष्म संकेत.
तेओदोझिउनं ते कात्रण फ्रेम करून घेतलं.
मुलाखतींत तो संकेत हळूहळू मोठा होत गेला.

अबिलिउ तेवढा रडकुंडीला आला.
खुनाचं त्याला वाईट वाटतच होतं,
आता चोरीही त्याच्याच नावावर.
"मी कधी काढली अंगठी?" विचारत फिरायचा तो,
मेकअपवाल्याला, लिओनेलला, कँटीनमधल्या पोराला.

वहीला कुणी विचारलं नाही.